पाय चालले तर डोके चालते



भातावर, वालावर मी आजवर पुष्कळ बोललो. आजचा विषय निराळा आहे. पेण-रोह्याच्या गावांतून फिरताना दिसते, की मुले पनवेल-मुंबईला नोकरीला आणि घरी म्हातारी माणसे एकटी. मग कधीतरी वृद्धाश्रमाची गोष्ट निघते. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, त्यात मी पडणार नाही.

खारेपाटातले एक आजोबा माझ्या चांगल्या ओळखीचे. पंच्याहत्तरी उलटली तरी रोज सकाळी बांधावरून फेरी. कुठे खांड तर पडत नाही ना, ते पाहायचे. गावातल्या सगळ्यांचे गट नंबर तोंडपाठ! आश्रमात जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, पण बाकी दिवसभर खुर्ची. पडतील या भीतीने कोणी उठूच देईना. सहा महिन्यांनी भेटायला गेलो, तर मला ओळखायला त्यांना वेळ लागला. "भरती किती आली?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारीत होते.

उघाडी वेळेवर उघडली नाही तर तिच्या तोंडाशी गाळ बसतो, हे खारेपाटात कोणाला सांगायला नको. शरीराचेही काहीसे तसेच आहे. माणूस चालला की मेंदूला रक्त जास्त पोचते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, झोप लागते. अमेरिकेत 120 वयस्क माणसांवर एक प्रयोग झाला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यांतले निम्मे लोक वर्षभर आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटे चालले. त्यांच्या मेंदूतला आठवण सांभाळणारा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. न चालणाऱ्यांचा तोच भाग कमी झाला.

मात्र स्मृतिभ्रंश एकदा जडला, की व्यायामाने तो बरा होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये 2018 साली ते पडताळून पाहिले. रोग्यांची ताकद वाढली, पण विसरणे थांबले नाही. म्हणून सुरुवात आधीच करायची. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना हा आजार आहे, आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खेड्यांतले प्रमाण शहरांहून जास्त निघाले. 'म्हातारचळ' म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नव्हे.

करायचे काय? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटे चालायला सांगते, शिवाय तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. एकदम इतके जमणार नाही. दहा मिनिटांपासून धरा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचे नि बसायचे, पाच-दहा वेळा. भिंतीला धरून टाचा उचलायच्या. ज्याला उभे राहवत नाही त्याने बसल्या बसल्या पाय हलवावेत. आणि हाताला काम द्या: वालाच्या शेंगा सोलणे, वाफ्याला पाणी घालणे. आमच्या आयाबायांना व्यायाम म्हटले की हसू येते, काम म्हटले की त्या लगेच उठतात! छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आश्रम पाहायला जाल तेव्हा नुसती खाट आणि संडास पाहून परतू नका. अंगण आहे का, कठडा आहे का, दुपारी चार वाजता माणसे काय करीत असतात, हे बघा. चष्मा आणि कानाचे यंत्र बरोबर द्या; ऐकू न येणारा माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसणारा लवकर विसरतो.

त्या आजोबांना आता त्यांचा नातू दर रविवारी अंगणात हात धरून फिरवतो. गट नंबर काही परत आले नाहीत. पण जेवणाच्या ताटापर्यंत ते स्वतः चालत जातात.

आणखी एक. माणूस एक-दोन दिवसांतच एकाएकी बरळू लागला, तर ते वय नव्हे. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे किंवा एखादी नवी गोळी, असे काहीही कारण असू शकते. त्याच दिवशी पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर घ्या.