उन्हाळ्याची बिअर, थंडीची ब्रँडी

"ताई, बिअर म्हणजे काय दारू आहे का? उन्हाळ्यात गारव्याला घेतो." शिरवळच्या एमआयडीसीत पाळ्या करणारी पोरं मला हे हमखास ऐकवतात. पाऊस लागला की हीच पोरं भज्यांबरोबर क्वार्टरवर येतात आणि डिसेंबरात रमवर. ऋतू बदलला की बाटली बदलते. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. बिअरचा सगळ्यात मोठा खप एप्रिल ते जून या तिमाहीत असतो. लग्नसराई, गावोगावच्या यात्रा आणि आपली जयंतीही याच दिवसांत येते. मिरवणुकीच्या मागच्या टेम्पोत काय असतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आधी बिअरचा हिशोब करू. मोठी बाटली 650 मिलिची. माइल्ड बिअरमध्ये साधारण 5 टक्के अल्कोहोल असतं, स्ट्राँगमध्ये 8 टक्क्यांपर्यंत. म्हणजे स्ट्राँगच्या एका बाटलीत 52 मिलि शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या 30 मिलिच्या पेगमध्ये ते 13 मिलिच्या आसपास असतं. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार छोटे पेग! आपलं यकृत तासाला सुमारे 10 मिलि अल्कोहोल निकाली काढतं, तेव्हा ही बाटली अंगातून जायला पाच तास लागतात. दुसरी पाळी सुटल्यावर एक बाटली घेऊन खंबाटकी घाट चढणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. कायद्याची मर्यादा 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि मध्यम बांध्याचा माणूस एका बाटलीत ती सहज ओलांडतो.

आता गारव्याचं बघू. शरीरात पाणी कमी झालं की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडाला पाणी अडवायला लावतं. अल्कोहोल तेच संप्रेरक दाबतं. म्हणून बिअरनंतर सारखी लघवीला होते. घामाने गेलेलं पाणी आणि मीठ नीट भरून येत नाही, घसा मात्र थंड झालेला असतो, त्यामुळे माणूस वर पाणीही पीत नाही. बिअरने मुतखडा पडतो हा समजही इथूनच आला. लघवी वाढते हे खरं, पण बिअरने खडा विरघळत नाही, आणि वाट अडलेली असेल तर जास्त लघवीने कळ वाढते. ज्यांना खडा आहे त्यांनी उन्हाळ्यात साधं पाणी भरपूर प्यावं. दुसऱ्या औषधांचं डॉक्टरांना विचारावं.

थंडीत उलटं होतं. रम, ब्रँडीने ऊब येते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतलं गरम रक्त वर येतं. हाताला ऊब लागते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. प्यालेला माणूस उघड्यावर झोपला तर गारठून मरतो तो यामुळे. खोकल्यावर लहान मुलाला चमचाभर ब्रँडी देणाऱ्या आज्या अजून आहेत. आजी, तसं करू नका. तान्ह्या मुलाच्या रक्तातली साखर यामुळे एकदम उतरू शकते. बाळंतिणीलाही ब्रँडी नको, दुधातून ती बाळाकडे जाते.

वाइनबद्दल थोडंच. द्राक्षं आपल्या सांगली-नाशिकची, पलूसला वाइन पार्कही झाला, म्हणून वाइन म्हणजे फळाचा रस आणि त्याने रक्त वाढतं, असं सांगणाऱ्या बायका भेटतात. हिमोग्लोबिनसाठी लोह लागतं, वाइन नव्हे. कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अल्कोहोल घातलं आहे. त्यात बिअर आणि वाइनला सूट नाही. पाचव्या शीलातही नाही. सुरा म्हणजे धान्य आंबवून केलेलं, मेरय म्हणजे फळं, फुलं, मध, गूळ आंबवून केलेलं. विनयपिटकात तशी फोडच केली आहे. "बिअर म्हणजे दारू नाही" म्हणणाऱ्याला मी हेच दाखवते.

पण मला खरी काळजी वाटते ती आषाढातली. आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागतो आणि काही जण त्या दिवशी दारू सोडतात. गावात गटारी करून श्रावण पाळणारेही तेच करतात. कधीतरी घेणाऱ्याला यात काही धोका नाही. जो उठल्या उठल्या घेतो, रोज घेतो, त्याने एकदम सोडली तर सहा-बारा तासांत हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, ताप चढतो, नसलेले किडे दिसतात. उपचार झाले नाहीत तर जीव जातो.

मी वॉर्डात असताना असा एक जण तिसऱ्या दिवशी आला होता. वंदनेला नेमाने येणारा माणूस. अंगावर मुंग्या चढतात म्हणून चादर झटकत होता. घरच्यांनी आदल्या दिवशी त्याला देवऋषाकडे नेलं होतं, बाहेरचं आहे म्हणून! आपल्या घरात देवऋषी, याचा मला तेव्हा संताप आला होता. तो वाचला. पण त्याची बायको मला म्हणाली, "सोडली म्हणून हे झालं, मीच त्याला पाजायला हवी होती." तिला काय उत्तर द्यावं, मला पटकन सुचलं नाही. सोडणं चूक नव्हतं, एकट्याने घरात सोडणं चूक होतं.

म्हणून ज्याला सोडायची आहे त्याला पौर्णिमेच्या आठ दिवस आधी सरकारी दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टर गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. नुसती ग्लुकोजची बाटली लावून भागत नाही. फिट किंवा भ्रम दिसला तर लगेच 108 ला फोन. सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. जाताना कागदावर लिहून न्या: रोज किती घ्यायचा, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का. बायका हे लाजेने कमी करून सांगतात, आणि औषधाचा डोस नेमका याच आकड्यावर ठरतो.