बीपीची गोळी सोडू नका, जोडीला शवासन करा

पिंपळनेर : कांद्याच्या चाळीवर, दूध डेअरीवर हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं, "गोळी सोडली भाऊ, आता योगा चालू केलाय." ऐकायला बरं वाटतं, पण यात धोका आहे. योगामुळे बीपीला मदत होते, हे खरं. पण गोळीचं काम योग करत नाही.

या अभ्यासाचं नातं आपल्या खान्देशाशीही आहे. स्वामी कुवलयानंद आधी अमळनेरला शिक्षक होते. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी तपासायला घेतला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. १९६९ मध्ये निकाल छापून आले. साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फरक पडला. काहींच्या गोळ्याही कमी झाल्या, पण त्या डॉक्टरांनी दाब तपासत कमी केल्या, रुग्णांनी मनाने नाही.

फरक का पडतो? मनावर ताण असला की रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात, दाब चढतो. निवांत पडून संथ श्वास घेतला की हे उलट होतं.

कसं करायचं?
सतरंजीवर उताणं झोपा. पाय थोडे फाकवा, हात अंगापासून जरा दूर, तळवे वर, डोळे बंद. पायापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडा. लक्ष फक्त श्वासावर ठेवा. रोज अर्धा तास काढा. दोन दिवसांत गुण येत नाही, नेम पाहिजे.

हे टाळा
बीपी जास्त असणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन करू नये. श्वास कोंडून धरू नये. कपालभाती, भस्त्रिका जोरात करू नये. मोबाईलवर बघून तर मुळीच नको.

मिठाचंही बघा. दिवसभरात माणशी एक छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं. तंबाखू, बिडी सोडलेलीच बरी.

दाब १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. बीपी वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. म्हणून तिशी ओलांडली की तपासून घ्या. आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात मोजून मिळतं. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, तर शवासन करत बसू नका, लगेच १०८ ला फोन लावा.