सुतळी कबाबाचा दोरा

दिल्लीच्या जामा मशिदीभोवतालच्या गल्ल्यांतून संध्याकाळी फिरताना सळईवर भाजला जाणारा एक कबाब लक्ष वेधून घेतो, कारण त्याच्या अंगाभोवती दोऱ्याचे वेढे असतात. त्याला ‘सुतळी कबाब’ म्हणतात. परंतु वाचकहो, नावाने फसू नका. आपण तागाच्या ज्या जाड दोरीला सुतळी म्हणतो, ती ही नव्हे. कबाबाला गुंडाळतात तो कापसाचा साधा दोरा.

दोरा हवाच कशाला, असे आपण विचाराल. या कबाबाच्या बारीक खिम्याला कच्च्या पपईचा गर लावतात. पपईतील पपेन हे द्रव्य मांसातील प्रथिनांचे बंध तोडते आणि खिमा इतका मऊ होतो की, न बांधल्यास तो सळईवरून निखाऱ्यांत गळून पडावा. भाजून झाल्यावर कबाबवाला दोऱ्याचे टोक हेरून तो सर्रकन ओढून घेतो. बशीत पडतो तो कबाब कमी, मऊसूत चुराच अधिक. खवय्यांना तोच प्रिय!

घरी हा प्रकार करणाऱ्यांनी, तसेच भरली कारली वा भरलेले पापलेट बांधणाऱ्या गृहिणींनीही, दोरा मात्र पारखून घ्यावा. शिवणाच्या पेटीतील रीळ पूर्वी सुती असे. आज ते बहुधा पॉलिएस्टरचे असते, आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही. पॉलिएस्टर सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉनचा एक प्रकार तर 220 अंशांनाच. निखाऱ्यांची धग याहून कितीतरी अधिक. कापूस वितळत नाही, फार तर करपतो. दोरा आधी पाण्यात भिजवल्यास तेही लवकर होत नाही.

पारख सोपी आहे. वीतभर दोरा चिमट्यात धरून पेटवावा. कागद जळल्यासारखा वास येऊन हलकी राख झाली, तर तो सुती. टोकाशी कठीण मणी जमला, तर तो स्वयंपाकघराबाहेर ठेवावा. तागाची सुतळी या परीक्षेत उत्तीर्ण होईल खरी, पण तिची कुसे पदार्थात राहतात, शिवाय गिरण्यांत कताईपूर्वी तागाला खनिज तेल लावण्याची रीत आहे. रंगीत धागा रंग सोडतो. आणि 15 ऑगस्टच्या पतंगांनंतर दिल्लीच्या घरांतून उरणारा मांजा तर मुळीच नको; त्यावर काचेची पूड असते.

दोरा अखंड घ्यावा, मध्ये गाठी मारू नयेत, म्हणजे तो एका ओढीत निघतो. कारली दहा बांधली असतील, तर वाढण्यापूर्वी काढलेले दोरे दहा भरले पाहिजेत; पंगतीत लहान मूल असेल, तर ते दोनदा मोजावेत.