परक्याच्या मालकीचे मैदान

आयुष्यभर बँकेची किंवा सरकारी दप्तरातील नोकरी इमानेइतबारे केलेला ठाण्याच्या नौपाड्यातील एखादा गृहस्थ, आपला चिरंजीव मोबाइलवर खेळ खेळून दरमहा वेतन मिळवू इच्छितो हे ऐकून प्रथम हसतो आणि तो विनोद नव्हता हे ध्यानी येताच चिंताक्रांत होतो. ही चिंता अनाठायी नाही. मात्र तिचे खरे कारण त्याला बहुधा ठाऊक नसते.

कळव्याचा पूल ओलांडून गेले की लागणाऱ्या नवी मुंबईत ज्या 'सोल' नामक ई-स्पोर्ट्स संस्थेने आपले बिऱ्हाड थाटले, तिचा वृत्तान्त या बाबतीत उद्बोधक आहे. नमन माथुर ऊर्फ मॉर्टल, अनिमेष अगरवाल ऊर्फ ठग आणि लोकेश जैन ऊर्फ गोल्डी यांनी २०२० मध्ये 'एट-बिट' व 'टीम सोल' या दोन गटांचे एकत्रीकरण करून ती उभारली. ('गोविंदाग्रज' आणि 'केशवकुमार' ज्यांनी आनंदाने स्वीकारले, त्या मराठी वाचकांनी या टोपणनावांना बिचकण्याचे कारण नाही.) त्यापूर्वीच, २०१९ मध्ये, टीम सोलने हैदराबादेत पबजी मोबाइलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती.

या खेळात चौघांचा एक स्क्वॉड असतो आणि मोठ्या स्पर्धेत असे १६ स्क्वॉड, म्हणजे ६४ खेळाडू, एकाच नकाशावर उतरतात. 'झोन' म्हणजे सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाते. कोठे दबा धरायचा आणि कोणाशी भिडायचे याचा निर्णय 'आयजीएल' म्हणविणारा नायक क्षणार्धात देतो, आणि टिपलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे व अखेरच्या क्रमांकाचे गुण एकत्र मोजले जातात. स्पर्धा अनेक सामन्यांची असल्यामुळे एखाद्या दिवसाच्या पराक्रमापेक्षा सातत्यालाच मोल येते, आणि त्यासाठी 'स्क्रिम' म्हणजे सरावाचे सामने अखंड चालू ठेवावे लागतात.

नाटकमंडळीचा जुना संसार ज्यांनी वाचला आहे, त्यांना संस्थेची व्यवस्था चटकन उमगेल: नट मंडळीच्याच बिऱ्हाडी राहत, तेथेच तालमी करीत, आणि मालक ठरलेला पगार देऊन उत्पन्नाची जोखीम स्वतः पत्करीत असे. येथेही बक्षिसाची रक्कम बेभरवशाची, म्हणून खरा जमाखर्च जाहिरातदारांवर आणि यूट्यूबवरील प्रेक्षकांवर चालतो. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे सोलला लास वेगास येथे जो आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो खेळातील विजयाबद्दल नसून चित्रफिती व तत्सम निर्मिती करणाऱ्या समूहाचा होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु क्रिकेटचा मालक कोणी नसतो, या खेळाचा असतो, आणि गोम येथेच आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ज्या ११८ चिनी संबंधांच्या ॲपवर बंदी घातली त्यांत पबजी मोबाइल होते. जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने खेळ पुन्हा आणला. २८ जुलै २०२२ रोजी तोही सरकारी हुकमाने हटला आणि मे २०२३ मध्ये परतला. या बंदीच्या आधीच, जून २०२२ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद पटकावलेली संस्थेची टीम सोल त्या ऑगस्टमध्ये रियाध येथील जागतिक स्पर्धेत उतरली, तेव्हा मायदेशी तिचा खेळच उरला नव्हता! विलक्षण म्हणजे, ही बंदी चालू असतानाच, डिसेंबर २०२२ मध्ये, ई-स्पोर्ट्सला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान मिळाले. आणि ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याचे खेळ निषिद्ध ठरवून ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढले.

एकाच खेळावर विसंबण्यातला धोका संस्थेनेही ओळखलेला दिसतो. २०२५ मध्ये तिने निहाल सरीन आणि अरविंद चिदंबरम या बुद्धिबळाच्या ग्रँडमास्टरांना करारबद्ध केले. व्यक्तिशः खेळाडूला मात्र अशी मुभा क्वचितच असते.

तेव्हा अशा संस्थेचा करारनामा घरात आला तर पालकांनी तो भिरकावून देऊ नये, नीट वाचावा: मुदत किती, बक्षिसातील हिस्सा किती, चित्रफितींचे उत्पन्न कोणाचे, आणि खेळच बंद पडला तर वेतन चालू राहते काय, ही कलमे आधी तपासावीत, आणि मुलाचे महाविद्यालयातील नाव मात्र काढू नये.