टोमॅटो : परसातला आणि बाजारातला

आजऱ्यात घनसाळ शिजू लागला, की शेजारच्या घराला कळते. सांगावे लागत नाही. या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. वासावाचून घनसाळाला काय मोल? टोमॅटोचेही तसेच आहे.

परसातला पिकलेला टोमॅटो नुसत्या मिठाशी खाल्ला, तरी गोड लागतो. बाजारातला लालभडक असतो, पण कधी कधी पाणचट लागतो. असं का होतं? आपण पाहू या.

टोमॅटोची चव तीन गोष्टींनी बनते : साखर, आंबटपणा आणि वास. पहिल्या दोन जिभेला कळतात. तिसरी नाकाला कळते. खरं वाटत नाही? मग नाक चिमटीत धरून एक फोड खा. खाता खाता नाक सोडा. फरक लगेच ध्यानात येईल.

साखर कुठून येते? झाडाची पाने उन्हात ती तयार करतात. देठावाटे ती फळाला पोचते. फळ तोडले, की हा पुरवठा थांबला.

आता बाजारचा माल पाहू. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत येथून टोमॅटो लांबच्या शहरांत जातो. पिकलेले फळ वाटेत फुटेल. म्हणून ते हिरवट असताना, किंवा नुकती लाली चढताना तोडतात. फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने ते पुढे लाल होते. रंग येतो, पण झाडाकडून मिळायची राहिलेली साखर काही मिळत नाही. शिवाय जाड सालीचे, टिकाऊ वाण लावतात. यात शेतकऱ्याचा दोष नाही. फुटका माल कोण घेणार?

घरचा म्हणजे गोडच, असंही नाही. सावलीतले झाड, पाणी रोज भरपूर, मग घरचे फळही पाणचटच!

आपल्या हिरण्यकेशीच्या खोऱ्यात पाऊस फार. पावसाळ्यात टोमॅटोवर करपा पडतो. म्हणून पाऊस ओसरल्यावर रोपे लावावीत. जागा उन्हाची हवी. घरापुरती चार-पाच रोपे पुरतात. फळे रंगू लागली, की पाणी थोडे कमी करावे. फळ झाडावर पुरते लाल होऊ द्यावे, मग तोडावे.

परस नसेल, तर आठवडी बाजारात जवळच्या गावचा माल विचारून घ्यावा. देठाजवळ हुंगून पाहावे. वास आला तर फळ घ्यावे.

घरी आणलेला टोमॅटो लगेच फ्रीजमध्ये ठेवू नये. सुमारे १२ अंशांखालच्या थंडीत त्याचा वास मरतो. तो टोपलीत, सावलीत ठेवावा. फार पिकला आणि नासेल असे वाटले, तरच फ्रीजमध्ये ठेवावा. मग तो आमटीला वापरावा. कोशिंबिरीला मात्र टोपलीतला घ्यावा. पैसे तेवढेच पडतात. पण पोरं कोशिंबीर मागून खातात.