चार एक तीन सहा शून्य एक

तुळजापूरचा पिनकोड ४१३६०१. त्यातले शेवटचे चार अंक घ्या : ३, ६, ०, १. मोठ्यापासून लहानाकडे मांडले तर ६३१०. लहानापासून मोठ्याकडे मांडले तर ०१३६. पहिल्यातून दुसरी वजा करा. उत्तर येतं ६१७४.

आता हाच खेळ ६१७४ बरोबर खेळा. ७६४१ वजा १४६७. उत्तर पुन्हा ६१७४. परत करा, शंभरदा करा, ती जागची हलत नाही.

देवीचा महिमा, असं कुणी म्हणेल. पण थोडं थांबा. तिथून अर्ध्या-पाऊण तासावरच्या धाराशिवचा पिनकोड ४१३५०१. शेवटचे चार अंक ३५०१. इथं एका वजाबाकीत भागत नाही. आधी ५१७५ येतात, मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या खेपेला ६१७४! लातूरचा ४१३५१२ घ्या, त्यालाही सातच वजाबाक्या लागतात. आता तुमच्या गावाचा घ्या. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. कुठूनही निघा, सात पावलांच्या आत ६१७४च्या दारात पोचता. आठवं पाऊल कुणालाच टाकावं लागत नाही.

तुळजापुरात मंदिर संस्थानाने सुरू केलेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथं काय किंवा कुठल्याही कॉलेजात काय, कोडिंग क्लबात नवी पोरंपोरी आली की सीनियर मंडळी त्यांच्यापुढे चार-दोन ठरावीक कोडी टाकतात. एक ते शंभर आकडे छाप, तीनने भाग गेला तर ‘फिझ’ म्हण, पाचने गेला तर ‘बझ’. मूळ संख्या शोध. शब्द उलटसुलट सारखाच वाचता येतो का ते सांग. कोडी चांगलीच आहेत, पण त्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं. फिझबझचा प्रोग्राम चालला म्हणून कुणी खुर्चीवरून उठत नाही. मला विचाराल तर पहिल्या दिवशी द्यावं ते हे पिनकोडचं कोडं. एक तर ते आपल्या घरचं आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९३०पासून १९६२पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. हातात खडू, समोर फळा, आणि डोक्यात सतत आकड्यांची खुडबुड. १९४९ साली त्यांना ६१७४ सापडला. त्या वेळी भारतात एकही संगणक नव्हता. आपल्याकडच्या बऱ्याच पंडितांना हा सगळा पोरखेळ वाटला. पुढे १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. आज कुठल्याही देशातल्या नवशिक्यांच्या कोड्यांत ‘कापरेकर’ हा शब्द भेटतो. त्या मुलांना तो उच्चारता येत नसेल, पण त्याचा प्रोग्राम लिहिता येतो.

कापरेकरांना संख्यांचं बारसं करायची हौस दांडगी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. एक, अकरा, एकशे अकरा यांचे वर्ग १, १२१, १२३२१ असे डौलदार चढतात-उतरतात. या जातीच्या संख्या त्यांना ज्या स्टेशनवर सुचल्या त्याचं, म्हणजे आजच्या डोंबिवलीचं, जुनं नाव त्यांनी त्यांना दिलं : ‘डेम्लो’. लोकलची वाट पाहताना बाकीचे लोक इंडिकेटरकडे पाहतात. आणि गंमत बघा, ६१७४च्या अंकांची बेरीज १८. अठरा गुणिले ३४३ बरोबर ६१७४. म्हणजे तीही हर्षद. वर हे ३४३ म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात.

तर क्लबातल्या नव्या मुलीने हा प्रोग्राम लिहायला घेतला असं समजू. ‘अंक मोठ्यापासून लहानाकडे लाव’ हे वाक्य तुम्हाआम्हाला सोपं. यंत्राला चार अंक एकदम दिसतच नाहीत. त्याला एवढंच येतं : दोन अंक उचलायचे आणि पहिला मोठा, दुसरा मोठा की दोघं सारखे, ते सांगायचं.

इथं मला तुळजाभवानीच्या आवारातला चिंतामणी आठवतो. देवळात गेलेल्यांनी तो पाहिला असेल. गोल गुळगुळीत दगड, त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर काम होणार, डावीकडे फिरला तर नाही, जागीच राहिला तर उशीर आहे, असं परंपरेने मानतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. मला मोह पडतो तो त्या व्यवस्थेचा. चिंतामणी सविस्तर बोलत नाही. त्याला विचारायचं तर मनातला सगळा गुंता सोडवून, तीनच उत्तरं येऊ शकतील असा नेमका प्रश्न करावा लागतो. ‘माझं कसं होईल?’ हे त्याला विचारून उपयोग नाही. प्रोग्राम लिहायला बसलेल्या मुलीपुढे नेमकी हीच अडचण असते.

मग चार अंक ओळीत लावायला असे किती प्रश्न लागतील? चार वेगवेगळे अंक चोवीस तऱ्हांनी मांडता येतात. प्रत्येक उत्तर निम्म्या शक्यता बाद करतं असं धरलं तर चोवीसच्या बारा, बाराच्या सहा, सहाच्या तीन, तिनाच्या दोन आणि मग एक. पाच प्रश्न. कितीही हुशारी केली तरी प्रत्येक वेळी चारांत भागेल अशी युक्ती निघत नाही, कारण चार होय-नाहींतून सोळाच शक्यता वेगळ्या काढता येतात आणि आपल्यापाशी आहेत चोवीस. नवशिक्याच्या प्रोग्रामात बहुधा सहा प्रश्न पडतात : प्रत्येक अंकाची प्रत्येकाशी एकदा गाठ. पाचव्यावर थांबायचं कसं, यावर क्लबाची एक संध्याकाळ मजेत जाते.

पण खरी फजिती पुढे आहे. प्रोग्राम तयार होतो, ३६०१ वर चालतो, ३५०१ वर चालतो, मुलगी खुशीत येते. मग कुणीतरी २१११ टाकतं, आणि पडद्यावर येतं शून्य. कापरेकर खोटे पडले की काय?

कापरेकर नव्हे, शून्य हरवलं. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. फळ्यावर मास्तर ते ०९९९ असं लिहितात, कारण खेळ चार अंकांचा आहे. संगणकाला मात्र संख्येपुढचं शून्य म्हणजे अडगळ, तो ते गिळून टाकतो. उरले तीन नऊ. उलटे लावा, सुलटे लावा, ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्यच. ते शून्य परत आणलं की गाडी रुळावर येते : ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. उपाय सोपा आहे, दर वेळी संख्येला चार घरांच्या स्ट्रिंगमध्ये बसवायचं आणि रिकाम्या घरात शून्य भरायचं. आधीच्या तुळजापूरच्या ०१३६ मध्ये हेच शून्य निमूट उभं होतं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन-चार चांगल्या उदाहरणांवर प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे असं नाही, हे शिकवायला २१११ इतका चांगला मास्तर नाही.

आता लूप लावून ०००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या संख्या एकदम सोडा. चारही अंक सारखे असलेल्या दहा वगळल्या की उरतात ९९९०. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर हजर : सगळ्या पोचल्या, जास्तीत जास्त सात पावलं. एकाच वजाबाकीत ६१७४ देणाऱ्या किती? ३८४. म्हणजे शंभरात जेमतेम चार, आणि तुळजापूर त्या चारांतलं.

एवढ्यावर मुलं टाळ्या वाजवून चहाला जातात. वाईट वाटतं ते इथं. संगणकाने ‘सगळ्या पोचतात’ असं सांगितलं. का पोचतात, याबद्दल त्याने अवाक्षर काढलेलं नाही. त्यासाठी कागद-पेन्सिलच लागते, आणि तीही अर्धं पान.

वजाबाकी पुन्हा पाहा. सर्वांत मोठा अंक एकदा हजाराच्या घरात आहे, एकदा एककाच्या. त्याचा निव्वळ हिस्सा ९९९ पट. सर्वांत लहान अंकाचं नेमकं उलट. मधले दोघे शतक आणि दशकाच्या घरांत अदलाबदल करतात, म्हणून त्यांचा हिस्सा ९० पट. तेव्हा उत्तर ठरतं दोनच गोष्टींवरून : टोकाच्या दोन अंकांतला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०. बाकी अंक कोणते होते याच्याशी काही देणंघेणं नाही. तुळजापूरचं बघा. सहा वजा शून्य सहा, तीन वजा एक दोन. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, दोन गुणिले ९० म्हणजे १८०. बेरीज ६१७४. टोकांत सहाचा आणि मध्ये दोनाचा फरक असलेल्या कुठल्याही संख्येची हीच गत.

टोकांतला फरक एक ते नऊ. मधला फरक शून्यापासून फार तर तेवढाच, कारण मधले अंक टोकांच्या आतच अडकलेले. मोजून काढलं तर अशा जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे ९९९० संख्यांची ही जत्रा पहिल्याच वजाबाकीत चोपन्न जणांवर येते! चोपन्न वजाबाक्या करायला संगणक कशाला हवा? एक संध्याकाळ आणि एक वही पुरे. देवळालीच्या फळ्यावरही ते मावलं असतं. हे सूत्र कळल्यावर त्याच मुलीने पुन्हा प्रोग्राम लिहिला तर त्यात अंक ओळीत लावणं उरतं, पण दहा हजारांची दगदग जाते.

आता पिनकोडचं थोडं. १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशभर लागू झाला आणि त्याची योजना आखणारे गृहस्थ होते श्रीराम भिकाजी वेलणकर : टपाल खात्यातले मोठे अधिकारी, मराठी माणूस, आणि संस्कृतातले कवी. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी कुठं करायची ते, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. ४१३६०१ हा आकडा ठरला तो टपालाच्या सोयीने, त्यामागे ६१७४ नव्हता. योगायोगच. ज्याला शंका असेल त्याने शेवटचे तीनच अंक घेऊन पाहावं. तीन अंकांतही अशी एक न हलणारी संख्या आहे, ४९५. धाराशिवचे ५०१ तिथं एका वजाबाकीत पोचतात. तुळजापूरच्या ६०१ ला दोन लागतात, मध्ये ५९४ चा मुक्काम पडतो.

दोनच अंक घेतले तर वेगळाच प्रकार. दोन्ही गावांचे शेवटचे दोन अंक ०१. दहा वजा एक, ०९. मग ८१, ६३, २७, ४५, आणि पुन्हा ०९. पुन्हा ८१. ही प्रदक्षिणा संपत नाही. ‘संख्या बदलायची थांबली की तूही थांब’ एवढंच ज्याने प्रोग्रामला सांगितलं असेल त्याच्या लॅपटॉपचा पंखा घुमायला लागतो आणि शेवटी कंट्रोल-सी दाबून त्याला ओढून बाहेर काढावं लागतं. शहाणा प्रोग्राम वाटेत भेटलेल्या संख्यांची यादी ठेवतो आणि ओळखीचा चेहरा दुसऱ्यांदा दिसला की हात जोडतो.

ही यादी हाताशी असेल तर अख्खा सहा अंकी पिनकोड टाकायला हरकत नाही. सहा अंकांत दोन संख्या जागच्या हलत नाहीत : ५४९९४५ आणि ६३१७६४. शिवाय सात संख्यांचं एक मोठं रिंगण आहे, ते ४२०८७६ पासून निघून परत तिथंच येतं. धाराशिवचा ४१३५०१ पाचव्या वजाबाकीला ४२०८७६ वर येतो आणि त्या रिंगणात सापडतो. मग सुटका नाही.

तुळजापूरचा ४१३६०१. मांडला की ६४३११० वजा ०११३४६. ही एक वजाबाकी मी करून देत नाही. पेन्सिल घ्या, आणि पुढचं शून्य सांभाळा.