खाऱ्या पाण्याच्या चार वह्या

आमच्या न्यू जर्सीतल्या घरी प्रवाळाची टाकी लागली ती मार्च २०११ मध्ये. ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८० लिटरची. तेव्हापासून तापमान, क्षारता, कोणता पंप कधी धुतला, सगळं वहीत लिहीत आलो. अशा चार वह्या भरल्या. आता मुलगी स्वतःच्या घरी छोटी टाकी लावते आहे आणि माझ्याकडच्या प्रवाळाच्या काही फांद्या नेणार आहे. "बाबा, मासे मी बघेन. आधी जपायचं काय, ते सांगा," असं ती म्हणाली, म्हणून वह्या काढून बसलो.

पहिल्या वहीत नुसतं रसायन आहे. पाण्याची विशिष्ट घनता १.०२६, कॅल्शियम ४२०, तापमान २५.५. विजेबद्दल एक अक्षर नाही, हातांबद्दल नाही. प्रवाळ जगेल ना, एवढीच चिंता पानापानांवर आहे.

विजेची पहिली नोंद त्याच वर्षी ऑगस्टमध्ये येते, तीही लाल शाईत. टाकीखालच्या कपाटातून जळका वास आला. उघडून पाहिलं तर तळाशी ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर मिठाचा पांढरा थर आणि एका प्लगच्या पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. पाणी सांडलं नव्हतं. बुडबुड्यांचे तुषार उडतात, वाळतात, मागे मीठ उरतं. ते हवेतला ओलावा ओढतं, पुन्हा ओलं होतं आणि वायरीच्या अंगाने इंच इंच पुढे सरकत सॉकेट गाठतं. खाऱ्या ओलाव्यातून वीज सहज वाहते. पुढच्याच शनिवारी बोर्ड कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर उंच बसवला. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी सोडून मग वर घेतली, म्हणजे ओघळणारा थेंब झोळाच्या टोकावरून खाली पडतो, प्लगपर्यंत चढत नाही. इलेक्ट्रिशियनकडून विजेची गळती ओळखणारं सॉकेट बसवून घेतलं. भारतात घराच्या मुख्य बोर्डावर आरसीसीबी असतो, काम तेच. फक्त इथलं सॉकेट ५ मिलिअँपिअरच्या आसपासच्या गळतीलाच वीज तोडतं.

त्यातही एक गोष्ट उशिरा कळली. सगळी उपकरणं त्या एकाच सॉकेटवर होती. आम्ही दोन दिवस बाहेरगावी असताना त्याने वीज तोडली आणि पंप, हीटर, सगळं थांबलं. तेव्हापासून दोन वेगळी सर्किट आहेत आणि दर महिन्याला टेस्टचं बटण दाबून पाहतो.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे सहा दिवस वीज नव्हती. त्या पानांवरचं अक्षर थरथरतं आहे. पाणी थांबलं की आधी प्राणवायू कमी होतो, थंडी त्यानंतर छळते. बॅटरीवरचा हवेचा पंप एकच होता. गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरायचो, बूच घट्ट लावून टाकीत तरंगत ठेवायचो. तेवढ्याने अंश-दीड अंश सावरायचं. शेजाऱ्यांनी जनरेटर देऊ केला, तो घरापासून लांब, अंगणाच्या टोकाला ठेवला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि प्रवाळासाठी घरातल्या माणसांचा जीव धोक्यात घालायचा नसतो. मासे वाचले. ॲक्रोपोरा प्रवाळाच्या बारीक फांद्या पांढऱ्या पडल्या. आता दर ऑक्टोबरला बॅटऱ्यांची नोंद असते.

देखभालीच्या नोंदी कंटाळवाण्या आहेत, पण टाकी त्यांच्याच जिवावर उभी आहे. दर तीन महिन्यांनी पंप उघडून अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी यात भिजवायचा. चुन्याची पुटं फसफसत सुटतात आणि अडखळणारं चुंबक पुन्हा मोकळं फिरतं. हीटरचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर टाकी शिजते. म्हणून एका मोठ्याऐवजी दोन छोटे हीटर आहेत, त्यांच्यावर वेगळा नियंत्रक आहे, आणि दर दोन वर्षांनी हीटर बदलतो. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढायचा. उघडी पडलेली काच तापते आणि गार पाणी लागताच तडकते.

तिसऱ्या वहीतलं एक पान मी मुलीला दोनदा वाचायला लावलं. २०१५ च्या उन्हाळ्यात एका दगडावर पॅलिथोआ नावाचा तपकिरी, प्रवाळासारखा जीव माजला होता. उकळतं पाणी ओतून ब्रशने घासायचं ठरवलं होतं. त्याच सुमारास अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अलास्कातल्या घटना छापल्या. तिथे दुकानात आणि घरात असेच जीव हाताळताना माणसं आजारी पडली होती, आणि संशय होता तो श्वासावाटे गेलेल्या पॅलिटॉक्सिनवर. हे विष हवाईच्या माउई बेटावर सापडलं. हानाजवळच्या एका डबक्यातलं 'शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावलं की घाव जीवघेणा होतो, असं तिथले लोक सांगत. १९७१ मध्ये मूर आणि शॉयर यांनी ते विष वेगळं काढल्याचं प्रसिद्ध केलं. ते शेवाळ नव्हतं, पॅलिथोआच होता. हे विष पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला धरतं आणि त्याचं उघडं भोक करून टाकतं. उकळल्याने ते निकामी होत नाही, उलट वाफेबरोबर हवेत येतं. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा मुलगी अभ्यास करत बसायची. तो दगड मी हातमोजे आणि गॉगल घालून, पाण्याबाहेर न घासता, अंगणात पातळ ब्लीचच्या बादलीत बुडवला आणि नंतर टाकून दिला.

चौथ्या वहीत माझाच हात आहे. २०१८ मध्ये उजव्या हाताच्या एका बोटाच्या पेरावर एक गाठ आली, दुखत नव्हती, पण बरीही होईना. पहिल्या डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी विचारलं, "घरी मासे आहेत का?" मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. १९२६ मध्ये ॲरनसन यांनी हा जंतू फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत ओळखला, आमच्यापासून दीड तासावर. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीराच्या गार भागात, बोटांत ठाण मांडतो. मला दोन औषधं चार महिने घ्यावी लागली. पहिल्याच डॉक्टरांना मी टाकीबद्दल सांगितलं असतं तर सहा आठवडे वाचले असते. आता हाताला ओरखडा असला की टाकीत हात घालत नाही, आणि एरवीही कोपरापर्यंतचे हातमोजे घालतो.

मुलीने वह्या नेल्या नाहीत, फोटो काढून घेतले. रविवारी तिच्याकडे गेलो होतो. टाकी अजून कोरडी आहे, पण बोर्ड भिंतीवर उंच लागला आहे, आणि वायरी झोळ घेऊन खाली आलेल्या आहेत.